पुनर्निर्मितीचे हास्य : अभिजात प्रहसन-लघुपट आणि त्यांच्या उत्तरकालीन आवृत्त्या

१.

तौलनिक साहित्याभ्यासात रूपांतराचा प्रश्न जुना आहे. मात्र त्याची चर्चा बहुधा गंभीर वाङ्मयाच्या आधारे होत आली आहे. कादंबरीचे नाटक झाले, नाटकाचा चित्रपट झाला किंवा एका भाषेतील कृती दुसऱ्या भाषेत आली, की मूळ आणि रूपांतर यांच्या नात्याची मीमांसा सुरू होते. याउलट एकाच माध्यमात, एकाच भाषेत आणि पुष्कळदा त्याच नटांनी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा केलेली कृती या मीमांसेच्या कक्षेबाहेर राहते. अमेरिकी चित्रपटसृष्टीतील १९२० ते १९६० या काळातील प्रहसन-लघुपट हे अशा पुनर्निर्मितीचे सर्वांत समृद्ध क्षेत्र होय. पडणे, आपटणे, मार देणे व खाणे, वस्तूंनी माणसावर उलटणे यांवर उभ्या असलेल्या या ‘स्लॅपस्टिक’ विनोदाच्या निर्मात्यांनी आपलेच जुने पट निःसंकोचपणे पुन्हा पुन्हा केले. हॅल रोच यांच्या संस्थेतील लॉरेल-हार्डी यांचे पट आणि कोलंबिया कंपनीचे ‘थ्री स्टूजेस’चे पट ही त्याची दोन ठळक उदाहरणे.

पुनर्निर्मित पट मूळ पटाहून सरस ठरतो काय, या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर रसिकाचे : मूळ तेच खरे, नंतरचे सारे उष्टे. दुसरे उत्तर सिद्धान्ताचे. झेरार झनेत यांच्या १९८२ च्या ‘पालँप्सेस्त’ या ग्रंथापासून लिंडा हचन यांच्या २००६ च्या रूपांतरविषयक ग्रंथापर्यंतच्या विचाराने मूळ कृतीवरील निष्ठा हा रूपांतराचा निकष नव्हे, हे पटवून दिले. त्याचा परिणाम म्हणून ‘सरस की नीरस’ असा प्रश्न विचारणेच काहीसे अप्रगत मानले जाऊ लागले. दोन्ही उत्तरे प्रहसनापुरती अपुरी आहेत. पहिले उत्तर प्रत्यक्ष पुराव्यापुढे टिकत नाही. दुसरे उत्तर हास्याचा स्वभाव विसरते. कारण शोकात्म कृतीबाबत मूल्यनिर्णय पुढे ढकलता येतो, परंतु प्रेक्षक हसला की नाही हा निर्णय पट चालू असतानाच लागलेला असतो. मूल्यनिर्णय टाळायचा म्हटले, तर प्रहसनाच्या बाबतीत अभ्यासविषयच हातून निसटतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य असे, की प्रहसनाचा पाठ त्याच्या कथानकात नसतो. विशिष्ट देह, विशिष्ट वस्तू आणि काळाची विशिष्ट लय यांच्या नात्यात तो असतो. जी पुनर्निर्मिती हे नाते नव्याने जुळवते ती मूळ पटाला मागे टाकू शकते. जी केवळ कथानक आणि तयार दृश्ये पुढे नेते ती, तांत्रिकदृष्ट्या कितीही सफाईदार असली तरी, उणीच पडते.

२.

प्रथम ‘मूळ’ या संकल्पनेचीच तपासणी करावयास हवी. लॉरेल-हार्डी यांचा ‘अनदर फाइन मेस’ (१९३०) हा बोलपट त्यांच्याच ‘डक सूप’ (१९२७) या मूकपटाची पुनर्निर्मिती आहे. परंतु ‘डक सूप’ देखील मूळ नव्हे. स्टॅन लॉरेल यांचे वडील आर्थर जेफरसन हे इंग्लंडमधील नाट्यव्यावसायिक होते आणि त्यांच्या एका रंगमंचीय प्रहसनावर हा मूकपट बेतलेला होता. लॉरेल स्वतः इंग्रजी म्युझिक हॉलच्या आणि फ्रेड कार्नो यांच्या मंडळीच्या तालमीत घडलेले, तर स्टूजेस हे टेड हीली यांच्यासमवेत अमेरिकी व्हॉदव्हिलच्या रंगमंचावर वाढलेले. या दोन्ही परंपरांत प्रहसन ही लिहून संपलेली संहिता नसते. ते प्रयोगागणिक घासून घेतलेले सामायिक द्रव्य असते. तमाशातील बतावणी आणि वग ज्यांना परिचित आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. सोंगाड्याची हजरजबाबी भर ही तेथे संहितेची विटंबना ठरत नाही. तिच्यावाचून संहिता अपुरी असते. चित्रपटाने या प्रवाही द्रव्याची एक आवृत्ती फितीवर गोठवली आणि त्या गोठलेल्या आवृत्तीला ‘मूळ’ हे बिरुद मिळाले.

भारतीय काव्यशास्त्राच्या दृष्टीनेही हास्याकडून निखळ मौलिकतेची मागणी विसंगत ठरते. भरताने हास्याची उत्पत्ती विकृत वेष, अलंकार, वाणी व चेष्टा यांतून सांगितली आणि त्याला शृंगाराच्या अनुकृतीशी जोडले. अभिनवगुप्ताने ही व्याप्ती वाढवून कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, असे मांडले. हास्य हे स्वभावतःच दुसऱ्या कशाची तरी अनुकृती असेल, तर अनुकृतीची अनुकृती हा त्याच्या बाबतीत दोष ठरण्याचे कारण राहत नाही. प्रश्न उरतो तो दुसऱ्या अनुकृतीत नवे काय घडले, एवढाच.

‘डक सूप’चा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १९७४ मध्ये प्रत सापडेपर्यंत हा पट हरवलेलाच मानला जात होता. म्हणजे कित्येक वर्षे पुनर्निर्मिती उपलब्ध होती आणि मूळ नव्हते. उत्तरकालीन प्रतीवरून हरवलेल्या प्रतीचा अंदाज बांधणे हा हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत नित्याचा व्यवहार आहे. येथे तो चित्रपटाच्या इतिहासकारांना करावा लागला आणि प्रत मिळाल्यावर काही अंदाज चुकलेही. दोघांची जोडी म्हणून जुळणी या पटानंतर झाली, असा समज होता. प्रत्यक्षात ‘डक सूप’मध्ये ती जोडी जवळजवळ पूर्ण रूपात दिसली. पुढच्या काही पटांत ती पुन्हा विस्कटली आणि नंतर स्थिर झाली. विकास सरळ रेषेत होतो आणि नंतरचे ते अधिक परिपक्व असते, या गृहीतकालाही त्यामुळे मर्यादा पडते.

३.

पुनर्निर्मिती मूळ कृतीला मागे टाकते याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून ‘द म्यूझिक बॉक्स’ (१९३२, दिग्दर्शक जेम्स पॅरट) याचा उल्लेख होतो. विनोदी लघुपटासाठीचे ऑस्कर पारितोषिक सर्वप्रथम याच पटाला मिळाले. त्याचे बीज ‘हॅट्स ऑफ’ (१९२७, दिग्दर्शक हॅल येट्स) या मूकपटात आहे. हा मूकपट आज उपलब्ध नाही. छायाचित्रे, संहिता व समकालीन परीक्षणे यांवरूनच त्याची कल्पना करावी लागते. त्यामुळे दोन पटांची प्रत्यक्ष तुलना करून एकाला श्रेष्ठ ठरवणे अशास्त्रीय होईल. परंतु दोहोंच्या रचनेतील भेद सांगता येतो आणि प्रस्तुत विवेचनास तो पुरेसा आहे.

‘हॅट्स ऑफ’मध्ये लॉरेल-हार्डी हे कपडे धुण्याचे यंत्र विकत फिरणारे विक्रेते आहेत. लॉस एंजेलिसच्या सिल्व्हर लेक भागातील लांबलचक दगडी जिन्यावरून ते यंत्र वर चढवतात. वरच्या बाईला मात्र यंत्र नको असते, तिला फक्त पत्र टपालात टाकायला माणूस हवा असतो. शेवटी रस्त्यावर टोप्या उडवण्याचे सार्वत्रिक भांडण जुंपते. ‘द म्यूझिक बॉक्स’मध्ये जिना तोच, सुमारे १३३ पायऱ्यांचा, पण यंत्राच्या जागी खोक्यात बंद केलेला पियानो आला आणि विक्रेत्यांचे हमाल झाले. हा बदल वरवर किरकोळ वाटतो. वास्तविक साऱ्या पटाचे रूपांतर त्याच एका बदलाने झाले आहे.

धुण्याचे यंत्र ही मूकपटाची वस्तू होय. तिचे वजन आणि बेढबपणा डोळ्यांना दिसतो, तेवढा पुरे. पियानो ही बोलपटाची वस्तू आहे. खोके जिन्यावरून घसरते तेव्हा आतून तारा झणझणतात. प्रत्येक धक्क्याला वस्तू कण्हते, तक्रार करते. दिसत नाही पण ऐकू येते, अशी एक तिसरी व्यक्तीच त्यामुळे दृश्यात अवतरते. बोलपटाच्या आगमनानंतर अनेक प्रहसनांनी ध्वनीचा उपयोग संवादांपुरता केला. येथे ध्वनी वस्तूला मिळाला. दुसरा बदल श्रमाच्या अर्थाचा आहे. विक्रेत्याचा श्रम वाया गेला तर तो धंद्यातील तोटा असतो, हमालाचा श्रम वाया गेला तर ती नियती वाटते. वर पोहोचल्यावर टपालवाला सांगतो, की गाडीरस्ता मागच्या बाजूने वरपर्यंत येतो. त्यावर दोघे पियानो पुन्हा जिन्याखाली उतरवतात आणि त्या रस्त्याने वर आणतात. वर आलेली वस्तू वर आहे, ही गोष्ट त्यांच्या लेखी महत्त्वाची नसते. काम योग्य पद्धतीने झाले पाहिजे, हे महत्त्वाचे असते. आंरी बेर्गसाँ यांनी १९०० मध्ये मांडलेल्या, सजीवावर चढलेल्या यांत्रिकतेतून हास्य निर्माण होते या विचाराचे याहून चोख उदाहरण क्वचित सापडेल. तथापि बेर्गसाँ यांच्या उपपत्तीत न मावणारे काहीतरी येथे आहे. ही यांत्रिकता निष्ठेच्या रूपाने येते, म्हणून हास्यात करुणेची छटा मिसळते.

जुन्या पटाचा अवशेषही नव्या पटात शिल्लक आहे. जिन्यात अडलेल्या प्राध्यापकाची टोपी लॉरेल उडवतो, ती घरंगळत रस्त्यावर जाते आणि वाहनाखाली चिरडली जाते. १९२७ च्या पटात ज्या टोप्यांनी शेवट व्यापला होता, त्यांतील एकच टोपी येथे उरली आणि तिला नेमके काम मिळाले. हा प्राध्यापक म्हणजेच पियानोचा द्वेष्टा घरमालक निघतो. पुढे कुऱ्हाडीने पियानो फोडताना त्यातून राष्ट्रगीत वाजू लागते आणि तो कुऱ्हाड थांबवून सलाम ठोकतो, तेव्हा ध्वनी मिळालेल्या वस्तूने अखेरचा शब्द उच्चारलेला असतो. जुन्या द्रव्यातील काय ठेवावे, किती ठेवावे आणि कोठे ठेवावे याची अशी निवड हे चांगल्या पुनर्निर्मितीचे लक्षण होय.

जिना आणि ओझे हे सूत्र पुढेही चालू राहिले. हॅल येट्स यांनीच १९४५ मध्ये एडगर केनेडी यांना घेऊन धुण्याचे यंत्र पुन्हा त्या जिन्यावर आणले. त्याहून उद्बोधक उदाहरण स्टूजेसच्या ‘अ‍ॅन एक इन एव्हरी स्टेक’ (१९४१) याचे आहे. त्याचे दिग्दर्शक डेल लॉर्ड यांनी १९२६ मध्येच मॅक सेनेट यांच्यासाठी ‘आइस कोल्ड कोकोज’ या मूकपटात बर्फ जिन्यावर चढवला होता. १९४१ च्या पटात स्टूजेस बर्फवाले आहेत. दुसऱ्या एका उंच जिन्यावरून बर्फाची लादी वर नेईपर्यंत वितळून हातात चिमुकला खडा उरतो. पियानो कितीही वेळा पडला तरी तेवढाच जड राहतो, तर बर्फ प्रत्येक पायरीला कमी होतो. पहिल्या पटात श्रम निष्फळ ठरतो, दुसऱ्यात ओझेच नाहीसे होते. कथानक एक असूनही वस्तूच्या धर्मामुळे हास्याची जात बदलली आहे. अशा ठिकाणी कोणती आवृत्ती वरचढ हे ठरवण्यापेक्षा एकाच सूत्रातून दोन स्वतंत्र कृती निपजल्या, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

४.

वस्तूप्रमाणेच देहाची आणि काळाची फेरजुळणी कशी होते, हे लॉरेल-हार्डी यांच्या अन्य पटांत पाहता येते. ‘लव्ह ’एम अँड वीप’ (१९२७) या मूकपटात पूर्वप्रेयसीच्या धमक्यांनी हैराण झालेल्या प्रतिष्ठित गृहस्थाची भूमिका जेम्स फिनलेसन यांनी केली होती आणि हार्डी किरकोळ भूमिकेत होते. ‘चिकन्स कम होम’ (१९३१) या बोलपटात गृहस्थ हार्डी झाले आणि फिनलेसन नोकर. धमकी देणारी स्त्री दोन्ही पटांत मे बुश यांनीच रंगवली. फिनलेसन यांचा गृहस्थ मुळातच चिडका. त्याची घाबरगुंडी उडाली तरी तो खाली येत नाही, कारण तो वर नव्हताच. हार्डी यांच्या अवजड देहाला मात्र आपल्या प्रतिष्ठेची जपणूक करावी लागते. त्यांची सभ्यता जितकी घडीदार, तितकी तिची चुरगळ अधिक दिसते. त्यांच्याकडे पाहून गालात हसणारा, गुपित ओळखून चिरीमिरी उकळणारा नोकर ही फिनलेसन यांच्यासाठी मूळ भूमिकेहून सरस जागा ठरली.

महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी या जोडीला ‘जाड्या-रड्या’ हे नाव दिले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. या नावात एकही कथा नाही; एक देहयष्टी आहे आणि एक चेहऱ्यावरचा भाव आहे. कोणत्या पटात काय घडले हे विसरले गेले तरी कोण घडवत होते हे विसरले गेले नाही. प्रहसनाचा पाठ कोठे असतो, याचे उत्तर या लोकप्रचलित नावाने अभ्यासकांच्या आधीच दिले आहे.

‘डक सूप’ आणि ‘अनदर फाइन मेस’ यांची तुलना मात्र संमिश्र निर्णयाकडे नेते. दोन्ही पटांत फरारी झालेले दोघे एका रिकाम्या हवेलीत शिरतात आणि भाड्याने घर पाहायला आलेल्यांपुढे मालक व नोकर असल्याचे सोंग करतात. मूकपट दोन रिळांचा आणि धावता आहे; बोलपट तीन रिळांचा आणि मंद. सोंग उघडे पडण्याची धास्ती मूकपटात अधिक ताणलेली राहते. परंतु मोलकरणीच्या वेषातील लॉरेल आणि थेल्मा टॉड यांचा कोचावरील संवाद मूकपटात शक्यच नव्हता. तेथे एकाही वस्तूची मोडतोड होत नाही. दोन स्वर, एक खुदखुद आणि लांबत जाणारे मौन एवढ्यावर दृश्य उभे राहते. एकूण बांधणीत मूकपट सरस आणि एका दृश्यात बोलपट अपूर्व, असा येथील निवाडा आहे. म्हणून पुनर्निर्मितीचे मूल्यमापन संपूर्ण पटाला एकच गुण देऊन करता येत नाही.

‘अँगोरा लव्ह’ (१९२९) आणि ‘लाफिंग ग्रेव्ही’ (१९३१) या जोडीत बकरीच्या जागी कुत्रा आला. बकरी लपवणे अशक्य, कारण तिचा वास लपत नाही. कुत्रा लपवता येतो. साहजिकच दुसऱ्या पटात संघर्षाचे केंद्र खोलीतून बाहेरच्या बर्फात सरकले आणि अंथरुणाची ऊब व छपरावरची थंडी यांच्या येरझाऱ्यांतून हास्य निर्माण झाले. ओंगळपणाची जागा येथे जिव्हाळ्याने घेतली.

याच काळात आणखी एका प्रकारची पुनर्निर्मिती घडत होती आणि भाषांतराच्या अभ्यासकांना तिचे विशेष महत्त्व वाटावे. ध्वनिबदलाची सोय रुळण्यापूर्वी, १९३० च्या सुमारास, रोच यांच्या संस्थेने परदेशी बाजारपेठांसाठी हेच पट स्पॅनिश, फ्रेंच आदी भाषांत पुन्हा चित्रित केले. लॉरेल-हार्डी यांना त्या भाषा येत नव्हत्या. उच्चार लिहून घेऊन ते संवाद म्हणत. ‘चिकन्स कम होम’चे स्पॅनिश रूप ‘पोलितिकेरियास’ (१९३१) हे जवळजवळ दुप्पट लांबीचे झाले, कारण मधल्या मेजवानीत हाजी अली यांच्यासारख्या कलावंतांचे खेळ घातले गेले. पाणी व केरोसीन पिऊन पुन्हा बाहेर काढणाऱ्या हाजी अली यांचा खेळ स्वतंत्रपणे विस्मयकारक आहे. पण तो चालू असताना यजमानाच्या डोक्यावरील टांगती तलवार प्रेक्षक विसरतो. भाषांतर येथे शब्दांत फसले नाही, कालमानात फसले. हास्य विलंबाने वाढते हे खरे, परंतु तो विलंब त्याच संकटाचा असावा लागतो.

५.

स्टूजेसच्या पटांकडे वळले म्हणजे पुनर्निर्मितीची दुसरी बाजू समोर येते. कोलंबियाने १९३४ ते १९५९ या काळात त्यांचे १९० लघुपट प्रदर्शित केले. उत्तरार्धात खर्च आटवण्यासाठी जुन्या पटांतील चित्रफीत वापरून, अवतीभवती काही नवी दृश्ये जोडून ‘नवा’ पट सिद्ध करण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीचे मोजमाप एका साखळीवरून करता येते : ‘अ प्लंबिंग वी विल गो’ (१९४०), ‘व्हॅगाबाँड लोफर्स’ (१९४९) आणि ‘स्कीमिंग स्कीमर्स’ (१९५६).

डेल लॉर्ड यांच्या १९४० च्या पटात तिघे नळकारागीर म्हणून एका श्रीमंत घरात शिरतात. गळती थांबवताना कर्ली नळाला नळ जोडत जातो आणि आपणच उभारलेल्या पिंजऱ्यात स्वतः कैद होतो. पाण्याचे नळ विजेच्या नळ्यांना जोडले गेल्याने दिव्यात पाणी भरते, शेगडीतून पाणी उसळते. आणि त्या काळी अपूर्वाईच्या असलेल्या दूरचित्रवाणी संचावर नायगारा दिसू लागताच संचातूनच पाण्याचा लोट बाहेर पडतो. हास्याचे तर्कशास्त्र अखंड आहे : एक चूक सगळ्या घराच्या शिरांतून वाहते. एडवर्ड बर्नड्स यांच्या १९४९ च्या पटात कर्लीच्या जागी शेम्प आहे आणि चित्रचोरीचे उपकथानक जोडले आहे. कर्लीचा गोल, बालसदृश देह पिंजऱ्यात सापडला तर तो खेळता खेळता अडकलेला वाटतो. शेम्पचा ओढलेला, सदैव धास्तावलेला चेहरा तेथे आला की अडकणे हीच त्याची नेहमीची स्थिती भासते. ही फेरजुळणी खरी आहे. उपकथानकाने गती दुभंगली असली, तरी या पटाला स्वतःचे असे काही आहे.

१९५६ चा पट मात्र वेगळ्याच कोटीतला आहे. २२ नोव्हेंबर १९५५ रोजी शेम्प हॉवर्ड यांचे निधन झाले होते. करारातील चार पट पुरे करण्यासाठी जो पाल्मा यांना शेम्पचा बदली म्हणून, बहुतेक पाठमोरे, उभे करण्यात आले. जुन्या फितीतील शेम्प हसवतो, नव्या फितीतील शेम्प तोंड वळवून निघून जातो. मो आणि लॅरी यांच्या देहांवर मधल्या सात वर्षांचे वय चढलेले, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना ते क्षणात तरुण आणि क्षणात प्रौढ होतात. जुना विनोद फितीवर जसाच्या तसा आहे. एकही चौकट बदललेली नाही. तरी तो पूर्वीसारखा लागू पडत नाही, कारण कृती करणारा देह आणि तिचा परिणाम भोगणारा देह यांतील सलगता तुटली आहे. मार खाऊन पुन्हा उभा राहणारा माणूस हे प्रहसनाचे मूलभूत आश्वासन असते. येथे तेच आश्वासन खोटे पडते.

याचा अर्थ देहाची अनुपस्थिती नेहमी हास्याला मारकच ठरते, असा नव्हे. ‘हॉय पोलॉय’ (१९३५) या पटात उडाणटप्पूंना सभ्य गृहस्थ बनवण्याची पैज आहे. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील आणि पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मधील सूत्राचे हे धसमुसळे रूप. त्याची पुनर्निर्मिती ‘हाफ-विट्स हॉलिडे’ (१९४७) हिच्या चित्रीकरणात, ६ मे १९४६ रोजी, कर्लीला पक्षाघाताचा झटका आला आणि अखेरचे पाय-फेकीचे भांडण त्याच्यावाचून घ्यावे लागले. तरीही ते दृश्य रंगले, कारण तेथे हास्याचा भार एका देहावर नव्हता; सबंध मेजवानी चेहऱ्यावर क्रीम घेऊन समान झाली होती. मूळ पटात सभ्य पाहुणे स्टूजेसच्या गुद्दागुद्दीचे अनुकरण करू लागतात. पुनर्निर्मितीत ते अनुकरण पदार्थात उतरले आणि त्याची दृश्यशक्ती वाढली. तेच भांडण पुढे इतर पटांत तुकड्यातुकड्यांनी वापरले गेले, तेव्हा त्यातील सामाजिक पतनाचा अर्थ गळून केवळ पाय उरले.

६.

या विवेचनावरून पुनर्निर्मितीच्या तीन कोटी मानता येतात. पहिलीत देह, वस्तू व लय यांपैकी एखादा घटक बदलला आणि त्या बदलाचे परिणाम साऱ्या रचनेने स्वीकारले. ‘द म्यूझिक बॉक्स’ हे तिचे शिखर. दुसरीत घटक बदलला, पण रचनेने तो अंशतःच स्वीकारला; ‘अनदर फाइन मेस’ आणि ‘व्हॅगाबाँड लोफर्स’ या कोटीतील. तिसरीत काहीच बदलले नाही, जुळवाजुळव तेवढी झाली. तेथे मूळ दृश्य अविकल असूनही निष्प्राण होते. सरसता कालक्रमावर अवलंबून नाही, तंत्राच्या प्रगतीवरही नाही. आर्थिक काटकसर हे तिसऱ्या कोटीचे कारण खरे. परंतु रोच यांच्या संस्थेनेही जुनी बीजे पुन्हा वापरली ती व्यवहारबुद्धीनेच. भेद पैशाचा असला तरी परिणाम ठरला तो काम पुन्हा करण्याच्या आणि फीत पुन्हा लावण्याच्या फरकाने.

रूपांतराच्या सिद्धान्ताने मूळ कृतीचे श्रेष्ठत्व नाकारले, हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर मूल्यनिर्णयही सोडून दिला, तर ‘द म्यूझिक बॉक्स’ आणि ‘स्कीमिंग स्कीमर्स’ या दोन्ही केवळ ‘आवृत्त्या’ ठरतात आणि त्यांतील अंतर मोजण्याचे साधन उरत नाही. हे अंतर प्रेक्षकाला न शिकवता कळते. तौलनिक अभ्यासाने त्या कळण्याला कारणे पुरवावयाची आहेत. भाषांतर, रूपांतर आणि पुनःप्रयोग यांच्या विचारात देह आणि कालमान यांना पाठाचे घटक म्हणून स्थान दिले, तर हे कार्य प्रहसनापुरते मर्यादित राहणार नाही; प्रयोगरूप असलेल्या सर्वच परंपरांच्या अभ्यासाला त्याचा उपयोग होईल.